कॅम्पसवरचं टेबल आणि एक अवघड प्रश्न

माझी भाची अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात एमएस करायला गेली, त्याला अजून महिनाही झाला नव्हता. एके दिवशी सकाळी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रात्र होती. "मावशी, आज मला काय दिलंय बघ," म्हणत तिनं तळहात कॅमेऱ्यासमोर धरला. हातावर फिकट गुलाबी रबराची एक इवलीशी आकृती होती. मान पुढे झुकलेली, गुडघे पोटाशी घेतलेले, लांबी मधल्या बोटाएवढी. 'बारा आठवड्यांचा गर्भ' असं सोबतच्या कार्डावर छापलेलं होतं.

ग्रंथालयासमोरच्या हिरवळीवर विद्यार्थ्यांनी टेबल मांडलं होतं. टेबलावर अशा आकृत्यांनी भरलेली टोपली, शेजारी पांढरा फळा, आणि फळ्यावर प्रश्न: गर्भपात कायदेशीर असावा का? खाली 'हो' आणि 'नाही' असे दोन रकाने. भाचीनं कोणत्याच रकान्यात खूण केली नाही. कुणीतरी हातात दिलेली आकृती घेऊन ती वर्गाला पळाली, आणि दिवसभर ती आकृती तिच्या खिशात आणि तो प्रश्न डोक्यात राहिला.

"विद्यापीठ हे असं करू कसं देतं गं? आणि एका टेबलानं कुणाचं मत बदलतं का?" तिनं विचारलं. तिच्या या दोन प्रश्नांचा माग काढता काढता मला तिसराच प्रश्न सापडला. तो शेवटी सांगते.

हे टेबल आलं कुठून?

२२ जानेवारी १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'रो विरुद्ध वेड' खटल्याचा निकाल दिला आणि गर्भपाताला देशभर घटनात्मक संरक्षण मिळालं. या निकालाला विरोध करणारे स्वतःला 'प्रो-लाइफ' म्हणवतात. गर्भ हा सुरुवातीपासूनच माणूस आहे, म्हणून त्याचा जीव वाचवला पाहिजे, ही त्यांची भूमिका. निर्णय त्या स्त्रीचाच असला पाहिजे असं मानणारे ते 'प्रो-चॉइस'. निकालानंतर वर्षभरातच, जानेवारी १९७४ मध्ये, वॉशिंग्टनमध्ये पहिला 'मार्च फॉर लाइफ' निघाला. तो आजही दर जानेवारीत निघतो आणि त्यात कॉलेजच्या मुलामुलींच्या बसच्या बस भरून येतात.

विद्यार्थ्यांची वेगळी संघटना १९८८ मध्ये उभी राहिली. तिचं नाव 'अमेरिकन कॉलिजियन्स फॉर लाइफ'. सुरुवातीला सगळं काम विद्यार्थीच अभ्यास सांभाळून करत. २००६ मध्ये पगारी कार्यकर्ते आले आणि आज ती 'स्टुडंट्स फॉर लाइफ ऑफ अमेरिका' या नावानं ओळखली जाते. कॅम्पसवर गट उभे करणं, त्यांना साहित्य पुरवणं आणि बोलायचं कसं याचं प्रशिक्षण देणं हे तिचं काम.

कॅम्पसच का? अमेरिकेत गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक विशीतल्या असतात. म्हणजे हा प्रश्न ज्यांच्या आयुष्यात प्रत्यक्ष उभा राहतो, त्यांतल्या पुष्कळ जणी कॉलेजच्या वयाच्या. आणि मतं पाहिली तर तिथले तीस वर्षांखालचे सुमारे तीन चतुर्थांश लोक गर्भपात सर्व किंवा बहुतेक परिस्थितींत कायदेशीर असावा असं म्हणतात. टेबलामागे बसलेले विद्यार्थी म्हणजे आपल्याच कॅम्पसवरचे अल्पसंख्य. म्हणूनच ते वाट पाहत बसत नाहीत, बाहेर येऊन लोकांना गाठतात.

परवानगीचं गणित: गावचं सभागृह

ग्रामपंचायतीचं सभागृह डोळ्यांसमोर आणा. आज तिथे लग्न, उद्या कीर्तन, परवा एखाद्या पक्षाची सभा. रात्री दहानंतर भोंगा बंद, पंधरा दिवस आधी अर्ज, खुर्च्या मोडल्या तर भरपाई, हे नियम पंचायत घालू शकते. पण 'तुमच्या सभेतली मतं आम्हाला पटत नाहीत' म्हणून किल्ली अडवून ठेवणं योग्य नाही. सभागृह सगळ्यांच्या पैशांतून बांधलेलं आहे.

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठाची हिरवळ कायद्याच्या नजरेत बरीचशी अशीच आहे. वेळ, जागा आणि पद्धत यांवर विद्यापीठ बंधनं घालू शकतं, मतावर नाही. तिथे याला 'मतनिरपेक्षता' म्हणतात. गंमतीची नव्हे, तर शिकण्यासारखी गोष्ट अशी की हे संरक्षण मिळवून दिलं ते डाव्या विचारांच्या आणि युद्धविरोधी विद्यार्थ्यांनी. १९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळ्या फिती बांधून शाळेत आलेल्या मुलांचा हक्क न्यायालयानं मान्य केला. १९७२ मध्ये कनेटिकटच्या एका सरकारी कॉलेजनं डाव्या विद्यार्थी संघटनेला मान्यता नाकारली होती. केवळ मतं पसंत नाहीत म्हणून असं करता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. आज प्रो-लाइफ गट त्याच दारातून आत येतात. समोर प्रो-चॉइस गटाचं टेबल लागतं, तेही त्याच दारातून.

मग पैशांचं काय? विद्यार्थ्यांच्या सक्तीच्या शुल्कातून अशा मंडळांना निधी मिळतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी तक्रार केली की, न पटणाऱ्या गटांना आमचा पैसा का? २००० साली न्यायालयानं निवाडा दिला: शुल्क घेता येईल, मात्र वाटप करताना मत बघायचं नाही. सोसायटीच्या वर्गणीतून गणपतीही बसतो आणि नाताळचं झाडही उभं राहतं, तसाच हा प्रकार.

हा नियम मोडला की काय होतं, त्याचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो स्टेट विद्यापीठातलं. मे २०१७ मध्ये तिथल्या प्रो-लाइफ विद्यार्थ्यांनी रीतसर परवानगी काढून ग्रंथालयाजवळच्या पायवाटेवर रंगीत खडूंनी संदेश लिहिले. सार्वजनिक आरोग्य शिकवणाऱ्या एका प्राध्यापकानं आपल्या विद्यार्थ्यांना ते पुसायला सांगितले आणि स्वतःही बुटानं घासून पुसले. प्रकरण कोर्टात गेलं. तडजोड झाली तेव्हा प्राध्यापकाला १७,००० डॉलर द्यावे लागले आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागलं. खडूचं लिखाण पहिल्या पावसानं आपोआप धुऊन निघतं. पण ते पुसायचा हक्क पावसाला आहे, प्राध्यापकाला नाही.

खासगी विद्यापीठांना मात्र हा घटनात्मक नियम लागू होत नाही. वॉशिंग्टनमधलं जॉर्जटाउन हे कॅथलिक विद्यापीठ. तिथे चित्र उलटं: प्रो-चॉइस विद्यार्थ्यांच्या गटाला विद्यापीठानं वर्षानुवर्षं अधिकृत मान्यता दिलेली नाही.

रबरी आकृती काय सांगते, काय सांगत नाही

भाचीनं ती आकृती पट्टीनं मोजली. डोक्यापासून बुडापर्यंत आठ सेंटीमीटरच्या आसपास भरली. मी आमच्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बारा आठवड्यांना साडेपाच सेंटीमीटर धरा. आठ म्हणजे चौदाच्या जवळ." मग कार्ड खोटं होतं का?

नाही. फरक मोजणीत आहे. डॉक्टर गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण ती तारीख बाईला आठवते. प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. प्रो-लाइफ साहित्यात बरेचदा गर्भधारणेच्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे कार्डावरचे 'बारा' म्हणजे दवाखान्यातले 'चौदा'. एकाच गावाचं अंतर एकजण एसटी स्टँडपासून सांगतो आणि दुसरा गावाच्या वेशीपासून, तसंच हे. दोघंही खरं बोलतात, पण कुठून मोजलं हे विचारल्याशिवाय तुलना करायची नाही.

आणखी एक गोष्ट आकृती सांगत नाही. अमेरिकेत दहापैकी सुमारे आठ गर्भपात डॉक्टरी मोजणीच्या नवव्या आठवड्यापर्यंत होतात. तेव्हा गर्भाची लांबी सव्वादोन सेंटीमीटरच्या आसपास, अंगठ्याच्या पेराहूनही कमी. म्हणजे टोपलीतली आकृती बहुतेक प्रसंगांतला गर्भ दाखवत नाही.

टेबलाशी मिळणाऱ्या कागदांनाही हीच कसोटी लावायची. गर्भपातामुळे स्तनांचा कर्करोग होतो, हा दावा अशा पत्रकांतून वर्षानुवर्षं फिरत राहिला. २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं शंभराहून अधिक तज्ज्ञांना एकत्र बोलावून पुरावे तपासले आणि असा कार्यकारणसंबंध नाही, असा निष्कर्ष काढला.

टेबलापाशी होणारा युक्तिवाद

लांबीचा हिशेब सांगितला की टेबलामागचा विद्यार्थी हमखास विचारतो, "म्हणजे लहान आहे म्हणून माणूस नाही?" इथून खरा वाद सुरू होतो.

प्रो-लाइफ कार्यकर्ते चार मुद्द्यांवर बोलायला शिकतात. तत्त्वज्ञ स्टीफन श्वार्झ यांच्या १९९० च्या पुस्तकातून ही मांडणी पसरली. गर्भ आणि नवजात बाळ यांच्यात फरक चारच: आकार, वाढीची पायरी, असण्याचं ठिकाण आणि दुसऱ्यावरचं अवलंबन. मग एकेक प्रश्न येतो. ठेंगण्या माणसाचे हक्क उंच माणसाहून कमी असतात का? दोन वर्षांचं मूल वीस वर्षांच्या माणसाइतकं वाढलेलं नसतं, म्हणून त्याचं मोल कमी ठरतं का? पलंगाच्या या कडेवरून त्या कडेला सरकल्यानं कुणी माणूस व्हायचं थांबतं का? इन्सुलिनवर जगणारा कमी माणूस असतो का? चारही फरकांमुळे माणूसपण हिरावलं जात नसेल, तर गर्भाचंही हिरावता येत नाही, असा निष्कर्ष ते काढतात.

समोरून येणारं सर्वांत प्रसिद्ध उत्तर तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी १९७१ मध्येच दिलं होतं. समजा, तुम्ही झोपेतून जागे झालात आणि कळलं की एका थोर व्हायोलिनवादकाचं रक्ताभिसरण तुमच्या शरीराला जोडलंय. नळ्या काढल्या तर तो मरेल, नऊ महिने तसंच पडून राहिलात तर वाचेल. तो माणूस आहे, त्याला जगण्याचा हक्क आहे, हे सगळं मान्य. पण तेवढ्यानं तुमचं शरीर वापरण्याचा हक्क त्याला मिळतो का? थॉमसन यांच्या मते नाही.

दोन्ही बाजू दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात, हे लक्षात घ्या. एकाचा प्रश्न: गर्भ कोण आहे? दुसऱ्याचा: एका माणसानं दुसऱ्यासाठी आपलं शरीर किती काळ द्यायचं, आणि ते कुणी ठरवायचं? टेबलापाशी आवाज चढतो तो बहुतेक वेळा या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे.

मत खरंच बदलतं का?

थंडीत मुलाला 'स्वेटर घाल' म्हणून तीनदा बजावलं की तो मुद्दाम तसाच बाहेर पडतो. थंडी त्यालाही वाजत असते, पण आपलं आपण ठरवायचं स्वातंत्र्य हातातून जातंय असं वाटलं की माणूस आधी ते स्वातंत्र्य वाचवतो. मोठ्यांचंही असंच होतं. म्हणून फलक जितक्या जोरानं सांगतो, तितक्याच जोरानं वाचणारा मागे सरतो.

प्रश्न विचारला तर हे टळू शकतं. 'जस्टिस फॉर ऑल'सारख्या काही प्रो-लाइफ संस्था विद्यार्थ्यांना आधी विचारायला, मग ऐकायला आणि दोघांना मान्य असलेलं काही शोधायला शिकवतात. भाचीनं पाहिलेला फळा त्याचसाठी होता. 'हो' लिहिणाऱ्यालाही तिथे मार्कर मिळतो.

या पद्धतीबद्दल मोजून तपासलेला पुरावा मात्र दुसऱ्याच विषयातला आहे. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या संशोधकांनी मायामीत एक प्रयोग केला आणि २०१६ मध्ये तो 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कार्यकर्ते घरोघरी जाऊन लोकांशी तृतीयपंथीयांविषयी साधारण दहा मिनिटं बोलले. शिकवलं नाही. स्वतःचा अनुभव सांगितला, समोरच्याचा विचारला, आणि त्याला दोष न देता ऐकून घेतलं. पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम निदान तीन महिने टिकला. पुढच्या प्रयोगांत त्यांना दिसलं की यातला कळीचा भाग म्हणजे दोष न देता होणारी अनुभवांची देवाणघेवाण. ती काढून फक्त युक्तिवाद ठेवला, तर परिणाम उरत नाही.

विषय वेगळा असला तरी माणसाचं मन तेच आहे. चार मुद्द्यांची मांडणी पाठ करून आलेला विद्यार्थी वाद जिंकू शकेल. मत हलतं ते समोरच्याला आपलं ऐकलं गेलं असं वाटल्यावर.

मोठी चित्रं याच्या अगदी उलट टोकाला. १९९८ पासून एक संस्था कॅम्पसवर पुरुषभर उंचीची छायाचित्रं उभारते. त्यांत गर्भपातानंतरचे अवशेष वंशसंहाराच्या चित्रांशेजारी ठेवलेले असतात. लपवलेलं सत्य दाखवल्याशिवाय लोक जागे होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. प्रो-लाइफ चळवळीतच यावरून मतभेद आहेत. कारण त्या वाटेनं जाणाऱ्यांत आदल्या महिन्यात गर्भ गमावलेली एखादी जण असते, गर्भपात करून घेतलेली एखादी असते, आणि आजच चाचणीवर दोन रेषा पाहिलेलीही एखादी असते. तिनं हे बघायचं की नाही, हे तिला कुणी विचारलेलं नसतं.

टेबलापाशी न थांबणारी मुलगी

हाच माझा तिसरा प्रश्न. दोन्ही बाजूंचं भांडण जिच्याबद्दल आहे, ती कॅम्पसवरची गरोदर विद्यार्थिनी या टेबलापाशी थांबू शकते का?

'फेमिनिस्ट्स फॉर लाइफ' ही संस्था १९७२ मध्ये ओहायोत सुरू झाली. गर्भपाताला विरोध आणि स्त्रीवाद दोन्ही एकत्र मांडणारी. तिनं १९९७ मध्ये जॉर्जटाउनमध्ये एक बैठक घेतली. विद्यार्थी, प्राध्यापक, डॉक्टर, वसतिगृहाचे अधिकारी एका टेबलाभोवती बसले. नैतिकतेवर चर्चा नव्हती, साधे प्रश्न होते. वसतिगृहातली मुलगी गरोदर राहिली तर तिला खोली राहील का? विम्यात बाळंतपण आहे का? मूल घेऊन वर्गाला यायचं तर त्याला ठेवायचं कुठे? यांतल्या बऱ्याच प्रश्नांना धड उत्तरं नव्हती. पुढे जॉर्जटाउनच्या कॅम्पसवर पाळणाघर उभं राहिलं. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यात विद्यार्थिनींसह गरोदर आणि पालक किशोरी व स्त्रियांच्या मदतीसाठी दहा वर्षं दरवर्षी अडीच कोटी डॉलरची तरतूदही झाली.

शिक्षणातला लिंगभेद रोखणारा 'टायटल नाइन' हा कायदा तर १९७२ पासून आहे. त्याच्या १९७५ च्या नियमांप्रमाणे गरोदरपणामुळे आवश्यक असेल तितकी रजा द्यावी लागते, आणि परत आल्यावर विद्यार्थिनीला पूर्वीच्याच जागी घ्यावं लागतं. हा नियम माहीत नसल्यामुळे कितीतरी मुलींना आपलं शिक्षण संपलं असं वाटतं.

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 'डॉब्स' निकालानं 'रो' रद्द झाला आणि कायदा राज्यागणिक बदलला. कॅलिफोर्नियात सरकारी विद्यापीठांच्या आरोग्यकेंद्रांना १ जानेवारी २०२३ पासून गर्भपाताच्या गोळ्या उपलब्ध करून द्याव्या लागतात. टेक्सासमध्ये गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी आहे. दोन्हीकडे टेबलावरचा फळा एकच असेल, पण समोर उभ्या मुलीपुढचे रस्ते अगदी वेगळे.

थोडक्यात (चौकट)

- अमेरिकेतलं सरकारी विद्यापीठ वेळ, जागा, पद्धत ठरवू शकतं. मत बघून परवानगी नाकारू शकत नाही. हाच नियम दोन्ही बाजूंना.
- गर्भाचे आठवडे दोन प्रकारे मोजतात. दोन्हींत साधारण दोन आठवड्यांचा फरक.
- 'गर्भ कोण?' आणि 'शरीर कुणाचं?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत.
- दटावल्यानं माणूस मागे सरतो. विचारलं, ऐकलं, तर मन हलू शकतं.
- अमेरिकेत गरोदर विद्यार्थिनीला रजेचा आणि परत येण्याचा कायदेशीर हक्क आहे.

आपल्याकडे

आपली वाट वेगळी. गर्भपाताचा विचार करायला केंद्रानं १९६४ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. त्यातून १९७१ चा कायदा आला. २०२१ च्या दुरुस्तीनं ठरावीक परिस्थितींत मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित स्त्रियांनाही तो हक्क आहे, हे स्पष्ट केलं. आपला खरा लढा गर्भलिंगनिदानाशी होता. त्याविरुद्ध १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुलीच होत्या. पण भिंतीभिंतींवर 'भ्रूणहत्या पाप आहे' असं रंगवताना एक चूक झाली. कायद्यानं गुन्हा आहे ते लिंगनिदान. मात्र गर्भपातच बेकायदा आहे, असा अनेकींचा समज झाला. फलक मोठा असला की बारकावा पुसला जातो, हे आपण इथेही अनुभवलंय.

आणि गरोदर विद्यार्थिनी आपल्याकडेही आहे. पीएचडी करणाऱ्यांना २४० दिवसांची प्रसूतिरजा २०१६ च्या नियमांत आली. डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींनाही रजा आणि हजेरीची सवलत द्या, असं विद्यापीठांना कळवलं. तुमच्या कॉलेजच्या सूचनाफलकावर ते पत्र कधी लागलेलं पाहिलंत?

परवा भाचीचा पुन्हा कॉल आला. यावेळी ती त्या टेबलापाशी थांबली होती. फळ्यावर खूण करायच्या ऐवजी तिनं पलीकडच्या मुलीला विचारलं, "माझ्या लॅबमधली कुणी गरोदर असेल, तर तिची रजा कुणाकडे मागायची?" त्या मुलीला सांगता आलं नाही. तिनं वहीत प्रश्न लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी रजा देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि खोली क्रमांक लिहिलेला कागद त्या टोपलीशेजारी ठेवलेला होता.